‘ऑरगॅनिक’ लिहिलेली डबी उलटी करून बघा

सोलापुरात नवी पेठेतल्या कुठल्याही कॉस्मेटिकच्या दुकानात उभं राहिलं की आता अर्ध्या डब्या हिरव्याच दिसतात, वर कोरफड नाहीतर हळदीचं चित्र आणि मोठ्या अक्षरात नॅचरल, हर्बल, ऑरगॅनिक, केमिकल फ्री यातलं काहीतरी. विचारलं तर दुकानदार म्हणतो, घ्या की अक्का, प्युअर ऑरगॅनिक आहे, काही साइड इफेक्ट नाही. तो मुद्दाम फसवतोय असं नाही, कंपनीच्या सेल्समननं जे सांगितलं तेच तो पुढं सांगतो. पण डबीच्या तोंडावर ‘ऑरगॅनिक’ छापायच्या आधी ते कुणी बाहेरच्या माणसानं तपासलेलं असेलच असं नाही, आणि तपासलं असेल तर त्याची खूण डबीवरच कुठंतरी सापडते. ती खूण कशी ओळखायची आणि तिचा अर्थ किती धरायचा, एवढंच इथं सांगायचंय.

आपल्याकडं कॉस्मेटिक्सना कायदा नाही असं नाही. १९४० चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं कायदा आहे, त्याच्याखाली २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत. त्यानुसार बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि आत काय काय घातलंय त्याची यादी हे सगळं लागतं (अगदी छोट्या पॅकला यादीची सूट आहे), आणि माल बाहेरच्या देशातून आला असेल तर रजिस्ट्रेशन नंबर आणि आयात करणाऱ्याचं नाव. पण एखाद्या क्रीमला ‘ऑरगॅनिक’ किंवा ‘नॅचरल’ कधी म्हणायचं, आत किती टक्के काय असलं की म्हणायचं, याचं माप या नियमांत दिलेलं नाही. खाण्याच्या वस्तूंचं तसं नाही, तिथं एफएसएसएआयचे, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, २०१७ चे ऑरगॅनिक फूडचे नियम आहेत आणि ‘जैविक भारत’ हा लोगो आहे. म्हणजे ज्वारीच्या पिठाच्या पिशवीवरचं ऑरगॅनिक आणि फेस क्रीमवरचं ऑरगॅनिक हे सारख्या वजनाचे शब्द नाहीत.

सोलापूरकराला हे पटायला वेळ लागू नये. आपल्या चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे तरी ‘सोलापुरी चादर’ असं लिहून दुसरीकडं विणलेला माल सगळीकडं विकला जातो, आणि म्हणूनच आपल्याकडचा माणूस चादर घेताना नुसतं नाव वाचून थांबत नाही, कारखान्याचं लेबल बघतो, पोत हातात घेऊन बघतो. क्रीमच्या डबीला हात लावून काही कळत नाही, त्यामुळं तिथं सगळा भरवसा कागदावर.

हा कागद, म्हणजे सर्टिफिकेट, देणाऱ्या संस्था खासगी आहेत आणि त्यातलं सगळ्यात जास्त दिसणारं नाव म्हणजे कॉसमॉस. युरोपात पूर्वी प्रत्येक देशातल्या संस्थेचे आपापले नियम होते, मग जर्मनीची बीडीआयएच, फ्रान्सच्या कॉस्मेबिओ आणि इकोसर्ट, इटलीची आयसीईए आणि ब्रिटनची सॉइल असोसिएशन अशा पाच संस्थांनी मिळून एकच मापदंड केला, तो हा कॉसमॉस. डबीवर सहसा तपासणाऱ्या संस्थेचा लोगो असतो, म्हणजे इकोसर्ट वगैरे, आणि त्याच्याखाली कॉसमॉस ऑरगॅनिक किंवा कॉसमॉस नॅचरल असं लिहिलेलं असतं. या दोन्हींत बराच फरक आहे आणि बहुतेक लोक तो न बघता पुढं जातात.

कॉसमॉस नॅचरल म्हणजे आतले घटक कुठून आले, त्यांच्यावर कुठल्या प्रक्रिया केल्या याचे नियम पाळलेत, मिनरल ऑइल, सिलिकॉन, सिंथेटिक सेंट वगैरे नाही. पण त्यातलं तेल ऑरगॅनिक शेतातून आलंच पाहिजे अशी अट नाही. कॉसमॉस ऑरगॅनिकमध्ये ती अट आहे. तिथं जे वनस्पतींचे घटक फक्त पिळून, दळून, गाळून, सुकवून घेतलेत, म्हणजे तेलं, अर्क, पावडरी, त्यातले किमान ९५ टक्के ऑरगॅनिक असावे लागतात आणि पूर्ण प्रॉडक्टच्या वजनात किमान २० टक्के ऑरगॅनिक असावं लागतं. शाम्पू-फेसवॉशसारख्या धुऊन टाकायच्या गोष्टींना आणि जास्त करून मातीचं-खनिजाचं असेल त्याला २० च्या ऐवजी १० टक्के.

इथं बरेच जण दचकतात, की अरे ९५ कुठं आणि २० कुठं. हिशेब करून बघूया, ढोबळच. शंभर ग्रॅम क्रीम घ्या. त्यात ६५ ग्रॅम पाणी. पाणी शेतात पिकत नाही, त्यामुळं ते ऑरगॅनिक धरत नाहीत. २५ ग्रॅम तेलं आणि अर्क, त्यातले २४ ग्रॅम सर्टिफाइड शेतीचे, म्हणजे ९६ टक्के झाले. उरलेले १० ग्रॅम म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारं इमल्सिफायर, टिकण्यासाठी घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह असलं काहीतरी. आता पूर्ण डबीत ऑरगॅनिक किती, तर २४ टक्के. ही क्रीम अटीत बसते आणि ती प्रामाणिक आहे, कारण कॉसमॉसच्या नियमानं हा २४ टक्क्यांचा आकडा डबीवर छापावा लागतो. म्हणून ‘१०० टक्के ऑरगॅनिक क्रीम’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं आणि मागच्या यादीत पहिलंच नाव ‘अ‍ॅक्वा’ म्हणजे पाणी असलं, तर तो दावा तिथंच कोसळतो. नुसतं तेल असलेल्या बाटलीची गोष्ट वेगळी, ती खरंच शंभर टक्के असू शकते.

बाकी खुणा थोडक्यात सांगते. नाट्रू हा ब्रुसेल्सच्या त्याच नावाच्या संस्थेचा लोगो २००७ पासूनचा. यूएसडीए ऑरगॅनिक हा अमेरिकेच्या कृषी खात्याचा, तो मुळात खाण्याच्या मालाचा आहे पण तेच नियम पाळले तर कॉस्मेटिकलाही मिळतो, आणि त्यात पाणी आणि मीठ सोडून ९५ टक्के ऑरगॅनिक लागतं, म्हणजे बराच कडक.

आणि मग ‘९८ टक्के नॅचरल ओरिजिन’ हा आकडा, जो हल्ली सगळीकडं दिसतो. तो बहुतेक आयएसओ १६१२८ नावाच्या हिशेबाच्या पद्धतीतून येतो. ही पद्धत २०१६ आणि २०१७ साली दोन भागांत आली, ती सर्टिफिकेट नाही, तिच्यात कुणी येऊन कारखाना तपासत नाही, आणि तिच्यात पाणी नॅचरल म्हणून मोजता येतं. म्हणजे ज्या जेलमध्ये ९० टक्के पाणी आहे ते सुरुवातीलाच नव्वदीवर पोचलेलं असतं. आकडा खोटा नाही, पण त्यावरून त्या जेलमध्ये कोरफड किती हे काहीच कळत नाही.

कोरफडीच्या जेलचीच डबी घेऊ, घरोघरी असते म्हणून. समोर लिहिलंय प्युअर अ‍ॅलोवेरा जेल, आत हिरवंगार. मागची यादी साधारण अशी असते: अ‍ॅक्वा, ग्लिसरीन, कार्बोमर, ट्रायइथेनॉलअमाइन, फिनॉक्सीइथेनॉल, अ‍ॅलो बार्बाडेन्सिस लीफ ज्यूस पावडर, परफ्यूम, सीआय १९१४०, सीआय ४२०९०. आता ही यादी वाचायची कशी? जे जास्त ते आधी, असा क्रम असतो, आणि एक टक्क्याच्या खालचे घटक शेवटी कसेही लिहिता येतात. फिनॉक्सीइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. म्हणजे त्याच्यानंतर आलेली कोरफड एक टक्क्याच्या आतच. (कोरफडीची पावडर खूप दाट केलेली असते, थोडी पुरते, हे पण खरं, कंपनीवर उगाच अन्याय नको.) जेलचा घट्टपणा कार्बोमरचा, कोरफडीचा नाही. आणि शेवटचे दोन सीआय नंबर म्हणजे पिवळा रंग आणि निळा रंग, दोन्ही मिळून हिरवा. अंगणातल्या कुंडीतली कोरफड कापून बघा, आतला गर पाण्यासारखा पांढरट असतो, हिरवी असते ती साल. या जेलनं त्वचेला काही इजा होईल असं मी म्हणत नाही, उन्हाळ्यात लावायला बरंही वाटतं, पण त्याला ‘प्युअर’ म्हणून दुप्पट पैसे देण्यासारखं त्यात काही नाही.

यादीतली नावं लॅटिन असतात म्हणून घाबरायला होतं, पण त्यातली कितीतरी आपल्याच शेतातली आहेत. कार्थामस टिंक्टोरियस सीड ऑइल म्हणजे करडईचं तेल. प्युनिका ग्रॅनॅटम सीड ऑइल म्हणजे डाळिंबाच्या बियांचं तेल. नावापुढं फुली किंवा चांदणी असेल आणि खाली ‘ऑरगॅनिक शेतीतून’ असा खुलासा असेल तर कुठला घटक ऑरगॅनिक आणि कुठला साधा हे लगेच कळतं, प्रामाणिक कंपन्या एवढं करतात.

डाळिंबाचं निघालंच तर जरा थांबते, कारण ऑरगॅनिक हा शब्द किती कष्टाचा आहे हे सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंबवाल्यांना विचारावं. सोलापूर डाळिंबाला जीआय आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि तरी तेल्या रोग आला की बाग हातची जाते, म्हणून फवारण्या कराव्या लागतात. ऑरगॅनिक करायचं तर अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखाली फळबागेला तीन वर्षांचा रूपांतरण काळ धरतात. त्या काळात रासायनिक खत-औषध बंद, उत्पन्न कमी, आणि माल ऑरगॅनिक म्हणून विकताही येत नाही, शिवाय नोंदी, तपासणी, बांधाला शेजाऱ्याच्या फवारणीपासून अंतर. लहान शेतकऱ्यांसाठी पीजीएस नावाची गटानं एकमेकांची शेती तपासायची पद्धत आहे, ती स्वस्त पडते. एवढं करून निघालेल्या बियांच्या तेलाला भाव जास्त असणारच. म्हणून शंभर रुपयांत ‘ऑरगॅनिक डाळिंब फेस क्रीम’ मिळत असेल तर यादीत डाळिंब कितव्या नंबरवर आहे ते बघाच. मला राग येतो तो इथं, की ज्यानं तीन वर्षं तोटा सोसला त्याचा शब्द दुसराच कुणीतरी फुकटात डबीवर छापतो.

आता ज्या खुणा ऑरगॅनिकच्या नाहीत पण तशा वाटतात त्या. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्याचा ऑरगॅनिकशी संबंध नाही. जीएमपी म्हणजे कारखाना स्वच्छ आणि शिस्तीत चालतो, चांगलंच आहे, पण आत काय घातलं ते वेगळं. ‘एफडीए अप्रूव्हड’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा राज्याच्या एफडीएचं (अन्न व औषध प्रशासनाचं) उत्पादन लायसन्स एवढाच अर्थ असतो, जे सगळ्यांनाच लागतं. ‘आयुर्वेदिक’ म्हटलं की त्याचं लायसन्स वेगळं, आयुर्वेदाच्या ग्रंथांतल्या द्रव्यांवर आधारलेलं, पण ती द्रव्यं फवारणी केलेल्या शेतातली असायला कुणाची हरकत नाही. ‘डर्मटॉलॉजिकली टेस्टेड’ म्हणजे टेस्ट केलं, निकाल काय आला ते लिहिलेलं नसतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे उसनं सर्टिफिकेट: कंपनीनं सर्टिफाइड खोबरेल तेल विकत घेतलं, ते क्रीममध्ये दोन चमचे घातलं आणि तेलाचा लोगो क्रीमच्या जाहिरातीत लावला. सर्टिफिकेट तेलाचं, क्रीमचं नाही. म्हणून बघताना त्या प्रॉडक्टचं नाव सर्टिफिकेटवर आहे का ते बघायचं, कंपनीचं नाव असून भागत नाही, कारण एकाच कंपनीची एक क्रीम सर्टिफाइड आणि दुसरी साधी असं सर्रास असतं. कॉसमॉसच्या आणि इकोसर्टसारख्या संस्थांच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं, मोबाइलवर दुकानात उभ्या उभ्या होतं. नाही सापडलं तर कंपनीला मेल करून सर्टिफिकेटची कॉपी मागा, त्यावर तारीख असते ती पण बघा. खरं असेल तर पाठवतात.

मेंदीबद्दल मात्र सविस्तर बोलायलाच पाहिजे, कारण लग्नसराईत हा धोका अगदी घरात येतो. साध्या मेंदीच्या पानात लॉसोन नावाचा रंग असतो, तो केशरी ते तपकिरी येतो, चढायला काही तास लागतात आणि दुसऱ्या दिवशी गडद होतो. ती काळी कधीच येत नाही. जो ‘नॅचरल ब्लॅक’ नाहीतर ‘इमर्जन्सी’ कोन पंधरा मिनिटांत काळा-लालभडक रंग देतो त्यात पानाव्यतिरिक्त दुसरं काहीतरी आहे, आणि काळ्याच्या बाबतीत ते बऱ्याचदा पीपीडी असतं, म्हणजे केसांच्या डायमधलं रसायन. हातावर फोड येतात, नक्षीच्या आकारातच चट्टा उठतो, आणि एकदा का शरीरानं पीपीडीला वैर धरलं की ते आयुष्यभराचं, पुढं साधा हेअर डाय लावला तरी तोंड सुजतं. डायच्या खोक्यावर निदान इशारा छापायचं बंधन आहे, आधी थोडं लावून बघा, भुवयांना-पापण्यांना लावू नका, नाहीतर आंधळेपणा येऊ शकतो असं स्पष्ट लिहिलेलं असतं. कोनवर बऱ्याचदा घटकांची यादीच नसते. केसांची ‘ऑरगॅनिक काळी मेंदी’ पण उलटी करून वाचा, नुसती मेंदी आणि नीळ (इंडिगोची पावडर) असेल तर ती वेगवेगळी दोन टप्प्यांत लावायला सांगतात आणि वेळ खाते, एकाच पुडीत अर्ध्या तासात काळे केस होत असतील तर पीपीडी शोधा. नवरीच्या हातावर लावायचा कोन घरी किंवा ओळखीच्या मेंदीवालीकडून साध्या पावडरीचा करून घ्यावा, आणि लहान मुलींच्या हातावर काळा कोन लावूच नये, हे मी प्रत्येकीला सांगते.

तसंच गोरं करणाऱ्या ‘हर्बल’ क्रीमचं. आठ दिवसांत उजळ, लेबलवर लायसन्स नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, अशा क्रीममध्ये पारा सापडल्याची उदाहरणं आहेत आणि केरळमधल्या डॉक्टरांनी अशा क्रीम वापरणाऱ्यांच्या किडनीचे आजार नोंदवलेत. आपल्या नियमात चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला बंदी आहे, चुकून आला तरी दहा लाखात एक भाग एवढीच मर्यादा. पान-फुलांचं चित्र असलेली डबी असली तरी पत्ता नसेल तर ती तोंडाला लावू नका.

एक गैरसमज दुसऱ्या बाजूचा पण आहे, की सर्टिफाइड ऑरगॅनिक म्हणजे कुणालाच त्रास होणार नाही. ऑरगॅनिक हे शेती आणि प्रक्रिया कशी झाली ते सांगतं, तुमच्या कातडीला काय सोसेल ते नाही. लव्हेंडर, लिंबू, टी ट्री यांची तेलं कितीही शुद्ध असली तरी काहींना ॲलर्जी होते. लिंबाचा रस तोंडाला लावून आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळीसच्या वर असताना, बाहेर पडलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात, आणि लिंबाइतकं नॅचरल दुसरं काय असणार. म्हणून काहीही नवीन आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन-तीन दिवस बघायचं. प्रिझर्व्हेटिव्ह म्हटलं की नाक मुरडायचीही गरज नाही, जिथं पाणी तिथं बुरशी आणि जंतू येणारच, कॉसमॉससुद्धा बेन्झोइक अ‍ॅसिड, सॉर्बिक अ‍ॅसिड अशी ठराविक प्रिझर्व्हेटिव्ह चालवून घेतो. ‘नो प्रिझर्व्हेटिव्ह’ म्हणणारी पाण्याची क्रीम आपल्या उकाड्यात बाथरूममध्ये ठेवायची मला तरी भीती वाटते.

पैशाचं म्हणाल तर सगळंच सर्टिफाइड घ्यायची गरज नाही, परवडतही नाही. माझं मत असं की अंगावर दिवसभर राहणारं आणि पोटात जाणारं, म्हणजे फेस ऑइल, लिप बाम, बाळाच्या मालिशचं तेल, यावर खर्च करावा, शाम्पू-बॉडीवॉश तर दोन मिनिटांत गटारात जातो. मालिशच्या तेलाला तर किराणा दुकानातलं ‘जैविक भारत’वालं खायचं खोबरेल किंवा तिळाचं तेल पण चालतं, तिथं निदान सरकारी नियम मागं आहेत आणि किमतीतही फरक पडतो. लाकडी घाण्याचं तेल चांगलं असतं, पण घाण्याचं म्हणजे ऑरगॅनिक नाही, घाण्यात करडई कुठली टाकली ते विचारावं लागतं. आणि ज्या साध्या कंपनीनं ऑरगॅनिक म्हटलंच नाही, पण यादी पूर्ण दिली, लायसन्स नंबर दिला, ती मला सर्टिफिकेटशिवाय ‘प्युअर नॅचरल’ म्हणणाऱ्यापेक्षा केव्हाही बरी वाटते.

घरी साबण-उटणं करून विकणाऱ्या बायका आपल्या शहरात खूप आहेत, बचत गटाच्या, प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्या. त्यांना सर्टिफिकेटचा खर्च झेपत नाही हे समजण्यासारखं आहे, पण विकायचं तर लायसन्स त्यांनाही लागतं. त्यांना मोकळेपणानं विचारा, मावशी तेल कुठून आणता, वास कशाचा, रंग कशाचा, कधी केलं. जी सगळं सांगते तिच्याकडून घ्या, आणि तिनं ‘ऑरगॅनिक’ लिहिलं असेल तर तिला सांगा की त्याऐवजी ‘घरी केलेलं, अमुक तेलाचं’ एवढं लिहा, त्यात खोटं काही नाही आणि उद्या कुणी विचारलं तर उत्तर आहे.

कारण आता विचारणारे पण आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगबद्दल, म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली खोटे किंवा मोघम दावे करण्याबद्दल, नियमावली काढली, तिच्यात नॅचरल, ऑरगॅनिक, क्लीन, ग्रीन असे मोघम शब्द पुरावा आणि खुलासा न देता जाहिरातीत वापरू नका असं आहे, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीत बोलता येतं. त्रास झाला असेल तर डबी फेकू नका, खोकं आणि बिल पण ठेवा, डबीच्या चारी बाजूंचे फोटो काढा आणि डॉक्टरकडं जाताना तीच डबी सोबत न्या, कारण चट्टा कशानं उठला हे त्यांना त्या मागच्या बारीक अक्षरांवरूनच शोधावं लागतं.